आधी त्याला वाचून दाखव

‘सर्वानुमते मंजूर’ हे दोन शब्द लिहिताना माझा हात अडतो. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं हे माझ्या नोकरीतलं नेहमीचं काम. माझ्या आधीचे ग्रामसेवक हे शब्द लिहीत आले, पुढचेही लिहितील. मला जमत नाही. मी मान वर करून विचारते, ‘सर्वानुमते कसं? मागच्या बायांनी तर हात वर केला नाही.’ सरपंच वैतागतात. मागच्या बाया एकमेकींकडं बघतात, मग त्यातली एखादी खरंच बोलायला लागते आणि सभा लांबते. सरपंचांनी एकदा विचारलं होतं, ‘मॅडम, तुमाला ही खोड लागली कुठून?’ मी हसून टाळलं. लागली कुठून ते मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, सोयाबीनच्या रानाला लागून. नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं व्हायचं नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ‘लेखन कौशल्य’ हा विषय सगळ्यांना घ्यावाच लागे. अर्जाचा नमुना, बातमीचा नमुना, निबंधाचा नमुना, सगळं गाईडमध्ये मिळायचं. उतरवायचं आणि पास व्हायचं, अशीच आमची समजूत होती. हा विषय शिकवायला हिंगोलीहून एक मॅडम यायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे कायम नोकरी नाही. वर्षाच्या सुरुवातीला संस्थेनं तास दिले तर यायचं, नाही दिले तर नाही.

पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि खुर्चीवर पिशवी ठेवली. पुढं वर्षभर त्या खुर्चीवर पिशवीच बसली, मॅडम कधी बसल्या नाहीत. साडीखाली कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, मुठीत फुटाणे. हजेरी घ्यायच्या आधी त्यांनी फळाभर नियम लिहिले. ओळी उजवीकडं वर चढत गेल्या आणि शेवटचा नियम फळ्याच्या चौकटीवर गेला. लिहिता लिहिता त्या बोलत होत्या, बोलता बोलता मागच्या दारानं बाहेर गेल्या. व्हरांड्यातून आवाज येतच राहिला आणि त्याच वाक्याचा शेवट घेऊन त्या पुढच्या दारानं आत आल्या. आमच्या माना गरागरा फिरल्या. तेवढ्यात प्राचार्य दारातून जात होते. फळा बघून म्हणाले, ‘छान, छान. शिस्त पाहिजेच,’ आणि गेले. त्यांनी नियम वाचले असतील असं मला वाटत नाही.

उशिरा येणाऱ्यानं दारातच थांबून उशीर का झाला ते लिहायचं, असा एक नियम होता. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं लिहिलं, ‘गाडी उशिरा आली.’ मॅडमनी कागद परत दिला. ‘हे गाडीचं झालं. तुझं काय झालं?’ पोरगं बराच वेळ दारात उभं राहिलं. मग त्यानं लिहिलं की टपरीवर मोबाइलमध्ये कुस्ती बघत होतो, डोळ्यांदेखत गाडी गेली आणि मला उठावंसं वाटलं नाही. मॅडमनी ते वर्गाला वाचून दाखवलं. ‘बस. लागली तुझी हजेरी.’

गैरहजर राहायला त्यांची हरकत नव्हती. मात्र जिथं होतात तिथं काय पाहिलं ते लिहून आणायचं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रानात असायचा. त्यानंतरच्या सोमवारी आमच्या वर्गात मळणीयंत्राचा नुसता धुरळा उडाला होता. त्यात एका पोरीनं लिहिलं होतं की आमच्याकडं मजूर जेवायला बसले की आजी प्रत्येकाच्या ताटाकडं बघते, पण तोंडाकडं बघत नाही. मॅडम ते वाचताना चालायच्या थांबल्या होत्या. त्यांचं थांबणं म्हणजे शाबासकी, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

‘आजच्या धावपळीच्या युगात’ या शब्दांवर बंदी होती. कोणी लिहिलेच तर त्या त्याच्या बाकाशी जाऊन विचारायच्या, ‘कोन धावून राहिलं रे? तू तर आत्ता झोपून राहिला होता.’ ‘पूर्वी लोक सुखी होते’ असं आलं की ठरलेला प्रश्न यायचा, ‘तू होतास का तिथं?’ हा प्रश्न त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायच्या. लाल पेन वापरत नसत. म्हणायच्या, ‘माझंबी चुकंल. खोडता आलं पाहिजे.’ मार्कांवर भांडायची सगळ्यांना मुभा होती, पण भांडण लेखी करायचं. तोंडी आलं की त्या कानावर हात ठेवायच्या.

बोलायच्या अशा आमच्याच बोलीत. घरात बोलता तसं आधी लिहा, परीक्षेच्या भाषेची घडी मग घालू, असं त्यांचं म्हणणं. मराठीच्या दुसऱ्या सरांना ते खपत नसे. स्टाफरूममध्ये ते म्हणाले होते म्हणे, ‘प्राध्यापिकेच्या तोंडी न्हाई आणि व्हय शोभतं का?’ मॅडमनी उत्तर दिलं, ‘शोभत न्हाई, पण कळतं.’

त्यांच्या घरचं आम्हाला काही माहीत नव्हतं. नवरा आहे का, असला तर कुठं, यावर मुलींत तर्क चालायचे. एका धीट मुलीनं नियमाप्रमाणं लेखी विचारलं. दुसऱ्या दिवशी तिच्या चिठ्ठीखाली पेन्सिलीनं उत्तर आलं : ‘आहेत. पुण्याला असतात. भांडण नाही. अंतर आहे.’ त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

नक्कल करणाऱ्याला शिक्षा नव्हती. नक्कल केली तर मॅडम घरी येणार, एवढंच फळ्यावर होतं. ते वाचून आम्ही हसलो होतो. आमच्यातल्या ज्ञानोबानं मोबाइलवरून ‘माझी आई’ हा निबंध उतरवून काढला. प्रेमळ, कष्टाळू, मायेचा सागर, वात्सल्याची मूर्ती, सगळं होतं त्यात. पुढच्या रविवारी मॅडम जीपनं त्याच्या गावी गेल्या. त्याची आई अंगणात तुरी पाखडत होती. मॅडमनी उभ्याउभ्या सगळा निबंध वाचून दाखवला. ती बाई सूप थांबवून नीट ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, ‘चांगली हाय हो बाई. कोनाची माय हाय?’

हे ज्ञानोबानंच आम्हाला सांगितलं, खाली मान घालून. मग त्यानं दुसरा निबंध लिहिला. त्याची सुरुवात अशी होती : ‘माझ्या आईला मला काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगते.’ मॅडम त्या ओळीवर केवढा तरी वेळ थांबल्या.

या सगळ्यांत आम्हाला नकोसा होता तो चौकटीवर गेलेला शेवटचा नियम. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवायचं. एकट्यानं जायचं. तो जे म्हणेल ते खाली लिहायचं आणि मगच कागद मॅडमकडं द्यायचा. हा नियम टाळायला पोरं बैलांवर लिहू लागली. मॅडम म्हणाल्या, ‘मंग बैलाला वाचून दाखवा.’ एकानं खरंच दाखवलं असं तो सांगतो, पण साक्षीदार नाही.

मी स्वतः तोवर आजोबांवर लिहून सुटका करून घेतली होती. ते वारलेले होते.

आमच्या गावाकडून सकाळी कॉलेजच्या वेळेला काळीपिवळी जीपच होती. गजूकाका ती चालवायचे. जीप त्यांची नव्हती. मालक तालुक्याच्या गावचा, आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मेहुणा. गजूकाका चालवायचे आणि रोजचा हिशेब मालकाकडं द्यायचे. माणूस शांत. आम्हा मुलींना जागा धरून ठेवायचे, कोणी वाकडं बोललं तर आरशातून नुसतं बघायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण शीतल मधल्या सीटवर बसलो होतो. वाटेतल्या फाट्यावर मालकाचा फोन आला. तिथं लग्नाला निघालेली माणसं उभी होती, त्यांना घ्या म्हणून. गजूकाकांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाले, ‘पोरीहो, तुमी जरा मागं उभ्या ऱ्हाता का? जवळच तर हाय आता.’ आम्ही उठलो. जीपच्या मागच्या पायरीवर, वरची दांडी धरून, आम्ही दोघी आणि आमच्याच वर्गातली दोन मुलं असे उभे राहिलो. पुलाच्या अलीकडं रस्ता खचलेला होता. जीप आदळली. माझा हात दांडीवर राहिला, शीतलचा सुटला.

ती रस्त्यावर पडली तेव्हा आवाज झाला नाही. थोड्या वेळानं ती ओरडली. गजूकाकांनीच तिला उचललं, लग्नाच्या माणसांना खाली उतरवलं आणि जीप सरळ हिंगोलीला नेली. तिथून नांदेडला. मांडीचं हाड मोडलं होतं, सळई घालावी लागली.

दोन दिवसांत गावभर झालं की पोरगी चालत्या जीपमध्ये फोटो काढत होती. कोणी म्हणालं व्हिडिओ करत होती. एका ग्रुपवर ‘सेल्फीचा नाद भोवला’ असं आलं. कॉलेजच्या फलकावर सूचना लागली : ‘विद्यार्थिनींनी प्रवासात मोबाइलचा वापर करू नये.’ फक्त विद्यार्थिनींनी. शीतलच्या वडिलांनी ते वाचलं. दवाखान्यातून आणल्यावर ते तिच्याशी धड बोलेनात. तिच्या आईजवळ त्यांनी सांगून टाकलं, ‘झालं तिचं कॉलेज. फोनापायी पाय मोडून घेतला, आता घरी बसू द्या.’

मला त्या दिवसांत कुठंच थारा नव्हता. जेवायला बसले की उठावं वाटे. जीपमध्ये बसले की उतरावं वाटे. काय झालं ते मला माहीत होतं आणि मला कोणी विचारत नव्हतं. मी कोणाला सांगायला गेले की समोरचा आधीच सांगून मोकळा व्हायचा, ‘व्हय, ऐकलं ना, फोटो काढत होती.’

त्या आठवड्यात मॅडम वर्गात आल्या, खुर्चीवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, ‘त्या जीपमध्ये कोन कोन होतं?’ आम्ही तिघं उभे राहिलो. मागून एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, ती फोटो काढत होती.’

‘तू होतास का तिथं?’

‘न्हाई.’

‘मंग बस.’

आम्हा तिघांना त्यांनी तीन वेगळ्या खोल्यांत बसवलं. एकमेकांशी बोलायचं नाही, काय वाटलं ते लिहायचं नाही, काय झालं ते लिहायचं. मी लिहिलं. फाट्यावर कोण उभं होतं, फोन कोणाचा आला, गजूकाका काय म्हणाले, शीतलचे दोन्ही हात दांडीवर होते, पाठीवर दप्तर होतं आणि तिच्याकडं त्या दिवशी फोन नव्हताच. तो तिच्या भावाकडं होता, त्याचा दुरुस्तीला गेला होता म्हणून. लिहून झाल्यावर मी कागद पुढं केला. मॅडमनी हात मागं घेतला.

‘कोनाबद्दल लिहिलं?’

‘शीतलबद्दल.’

‘आनखी?’

मी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, ‘गजूकाकाबद्दल.’

‘दोघांना वाचून दाखव आन मंग आन.’

‘मॅडम, तुमी चला ना.’

‘म्या आले तर तो मला ऐकंल. तुला ऐकनार न्हाई.’

‘त्यायची नोकरी जाईल मॅडम.’

त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. म्हणाल्या, ‘त्याच्या माघारी लिहून देनं सोपं हाय. त्याच्या तोंडावर खरं वाटलं तरच ते खरं. जा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवर जीप रिकामी उभी होती. गजूकाका सावलीत टायरला टेकून भाकर खात होते. मी म्हणाले, ‘काका, मला तुमाला एक वाचून दाखवायचं हाय.’ त्यांनी हात धुतले, गमज्याला पुसले आणि म्हणाले, ‘वाच.’

माझा आवाज इतका कापत होता की पहिल्या ओळी मलाच कळल्या नाहीत. मालकाच्या फोनच्या जागेवर आल्यावर त्यांनी मान दुसरीकडं वळवली. संपल्यावर म्हणाले, ‘जीप जोरात होती असं लिहिलंस. जोरात न्हवती. भरलेली जीप जोरात पळत न्हाई. खड्डा दिसला न्हाई मला, तसं लिही.’

मी तसं लिहिलं.

‘आनखी एकदा वाच.’

मी पुन्हा वाचलं. या वेळी आवाज कापला नाही. स्टँडवर कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही.

‘मालक म्हनला, इचारलं तर फोनाचं सांग,’ ते म्हणाले. ‘म्या हो म्हनलो होतो.’ मग बराच वेळ त्यांनी गमज्याची गाठ सोडली, बांधली. ‘बराबर हाय पोरी तुझं. खाली लिही, गजानन म्हनतो बराबर हाय.’

शीतलच्या घरी मी संध्याकाळी गेले. ती खाटेवर होती, पायाखाली उशा. मी तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ‘तुटकी चप्पल लिहिलंस ते खोड. चप्पल पडल्यावर तुटली. नवी होती माझी.’ आम्ही दोघी हसलो, आणि हसताना तिच्या पायात कळ आली. तेव्हा माझं लक्ष गेलं, तिचे वडील दारात उभे होते. किती वेळ ते मला माहीत नाही.

‘फोन न्हवता तिच्यापाशी?’ त्यांनी मला विचारलं, तिला नाही.

‘दादाकडं होता. त्याला इचारा.’

ते आत गेले. पोराला काय विचारलं ते ऐकू आलं नाही. बाहेर आले ते सरळ खाटेशी, आणि शीतलच्या पायाखालची सरकलेली उशी त्यांनी नीट केली.

मग कॉलेजात गडबड सुरू झाली. मॅडमकडं तीन कागद आहेत आणि त्यांत मालकाच्या फोनचा उल्लेख आहे, हे कसं कळलं देव जाणे. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं, मलाही बोलावलं. प्राचार्य वाईट नव्हते, घाबरलेले होते. घाम पुसत म्हणाले, ‘मॅडम, पहिल्या वर्षाची मुलं आहेत. त्यांना आवडता सण द्या, आवडता खेळ द्या. हे कागद माझ्याकडं द्या आणि विषय बदला.’

मॅडम टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. ‘सर, लेकरांचा शब्द म्या बदलत न्हाई. लिहिनाराला चूक वाटला तर तो बदलंल. फळ्यावर लिहिलं होतं पहिल्या दिवशी. तुमी छान म्हनला होता.’

प्राचार्यांना ते आठवेना. ते माझ्याकडं वळले. ‘बाळा, घाईत माणसाला चुकीचं दिसतं. तू नक्की पाहिलंस?’

माझे वडील मला सकाळीच म्हणाले होते, मोठ्या लोकांच्या भानगडीत पडू नको, तुझं वर्ष जाईल. ते मला आठवत होतं. मी म्हणाले, ‘मी होते सर तिथं.’

दोन दिवसांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मालक आले, शीतलचे वडील आले, गजूकाका दाराशी उभे राहिले. आम्ही तिघं आणि मॅडम भिंतीला. मालकानं सुरुवातच केली, ‘आमचा ड्रायव्हर सांगंल काय झालं ते. सांग रे.’

गजूकाका म्हणाले, ‘पोरीनं लिहिलं ते बराबर हाय.’

‘कोनती पोरगी? काय लिहिलं?’

‘मला वाचून दाखवलं तिनं. दोनदा. बराबर हाय.’

त्यानंतर मालक खूप बोलला. काय बोलला ते मला आठवत नाही. गजूकाका खाली बघत उभे होते आणि मॅडमही त्या दिवशी एका जागी उभ्या होत्या, एवढं आठवतं. शीतलच्या वडिलांनी उठून प्राचार्यांना विचारलं, ‘बाहेरचा तो कागद काढता का?’ फलकावरची सूचना त्याच दुपारी निघाली.

शीतल परीक्षेला आली. वडील तिला मोटारसायकलवर आडवी बसवून आणायचे, एका पोराला तिचा पाय सांभाळायला मागं बसवायचे आणि पेपर संपेपर्यंत निंबाखाली बसून राहायचे. ती पास झाली. गजूकाकांना बैठकीच्या आठवड्यातच जीपवरून काढलं होतं. पुढच्या वर्षी मॅडमना तास मिळाले नाहीत. विद्यार्थी कमी झाले, असं कारण सांगितलं गेलं. आम्ही लेखी विचारायला गेलो तर क्लार्क म्हणाला, ‘असं लेखी बिखी काही नसतं.’ नवे सर आले. ते खुर्चीत बसून नमुने सांगायचे आणि आम्ही उतरवायचो. वर्ग शांत असायचा. मला त्या शांततेत बसवत नसे.

पुढं मला नोकरी लागली, कनेरगाव नाक्याच्या पलीकडच्या गावात. मागच्या हिवाळ्यात नाक्यावर एका धाब्यासमोर मॅडम दिसल्या. वाशिमच्या गाडीची वाट बघत इकडून तिकडं फेऱ्या मारत होत्या. केस बरेच पिकले होते. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, ‘थांब, चष्मा लावू दे.’ ओळखलं. वाशिमला एका कॉलेजात तास मिळालेत म्हणाल्या. नियम तेच का, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘वाढले.’

चहा घेताना त्यांनी शीतलचं विचारलं. ती बी.एड. करते, थोडी लंगडते, जीपमध्ये आजही मधल्या सीटवरून उठत नाही, असं मी सांगितलं. त्या हसल्या. मग विचारलं, ‘आन तो ड्रायव्हर?’

मी सांगितलं. जीपवर त्यांना पुन्हा कोणी घेतलं नाही. सेनगावच्या पुढं सासुरवाडीला राहतात, शेळ्या राखतात, हंगामात कोणाचा तरी ट्रॅक्टर चालवतात.

मॅडम चालायच्या थांबल्या.

‘त्या दिवशी तू म्हनली होतीस, तुमी चला,’ त्या म्हणाल्या. ‘म्या काहून आले न्हाई?’

‘तुमचा नियम होता ना मॅडम. एकट्यानं जायचं.’

‘नियम माझाच होता. मोडला असता तर मला कोन रागावनार होतं?’ त्यांनी अर्धा कप खाली ठेवला. ‘त्याची नोकरी जाईल म्हनून तू सांगितलं होतंस. अठरा वर्षांच्या लेकराला कळलं. आन म्या तुला शहाणपणा सांगितला. त्याला तोंड दाखवायला म्या एकदाबी गेले न्हाई.’

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. त्या ऐकत नव्हत्या. ‘घर कुठं त्याचं?’

मी गावाचं नाव सांगितलं, शाळेमागचं पत्र्याचं घर सांगितलं. तेवढ्यात वाशिमची गाडी आली. कंडक्टरनं हाक दिली, दार उघडं ठेवून थांबला. मॅडमनी हातानंच त्याला जा म्हटलं. पिशवी खांद्याला मारून त्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या आणि उलट्या दिशेच्या जीपला हात केला. मी ओरडून विचारलं, ‘मी येऊ का?’ त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

संध्याकाळी मी गजूकाकांना फोन लावला. माझ्याकडं नंबर होता, पण इतक्या वर्षांत मी तो कधी लावला नव्हता.

‘आल्त्या तुझ्या मॅडम,’ ते म्हणाले. ‘गेल्या आत्ताच.’

‘काय म्हनल्या?’

‘माफी मागाय लागल्या. म्हने, माझ्यापायी तुमची जीप गेली. म्या त्या पोरीला पाठवलं, म्हनून तुमाला तसं बोलावं लागलं.’ पलीकडं ते कोणत्या तरी शेळीला हाकलत होते. ‘म्या म्हनलं, बाई, घरी आल्या, चहा प्या, जेवून जा. पन ते तुमचं न्हाई. त्या केबिनीत मला तसं बोल असं कोनी म्हनलं न्हवतं. आख्ख्या जिंदगीत चार मोठ्या मानसांम्होरं म्या तेवढंच बोललो. ते तुमी नेऊ नका. माझ्यापाशीच राहू द्या.’